दुखणे गालात, मग मान कशाला कापायची?

जत तालुक्यातील एका वाचक बंधूंचे चार पानी पत्र आले आहे. हे बंधू कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत हेल्पर आहेत. सगळे पत्र छापणे शक्य नाही आणि योग्यही नाही, म्हणून मजकूर थोडक्यात सांगतो. आईचे वय ५८. लग्न होऊन आल्यापासून मिश्री लावायची सवय. दहा-बारा हंगाम ऊसतोडीला गेलेली. उजव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीला लागून एक चट्टा पडला. पुढे त्याची जखम झाली आणि ती चार महिने भरली नाही. "काय न्हाई, दातातनं लागलंय," म्हणत आईने दिवस काढले. शेवटी तुकडा काढून तपासला, तर कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणतात, गालातली गाठ काढू आणि त्याच वेळी मानेतल्या ग्रंथीही काढून घेऊ. मानेत तर हाताला काहीच लागत नाही! चुलते म्हणतात, "सुरी लागली की ह्यो रोग चवताळतो. तुकडा काढला तितंच घात झाला." भावकीतल्या एका बाईंनी तर "मागल्या जन्मीचं हाय" असा निकालच देऊन टाकला. पत्राच्या शेवटी बंधू विचारतात, "दुखणं गालात, मग मान कशाला कापायची? पैशासाठी तर नव्हे?"

या प्रश्नाने मला रात्रभर झोप आली नाही. माझ्या सख्ख्या आत्याला असेच झाले होते, त्याला आता पस्तीस वर्षे होत आली. त्या वेळी घरात शिकलेला मी एकटाच, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मीही चुलत्यांसारखेच बोललो. म्हटले, "राहू द्या, कापाकापी नको, औषधपाण्याने बघू." पाच महिन्यांनी आत्याच्या मानेत लिंबाएवढी गाठ आली. त्या पाच महिन्यांत आतमध्ये काय चालले होते, हे मला फार उशिरा, वाचून वाचून समजले. ते आज जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत मांडतो. थोडे अवघड वाटले तर दोनदा वाचावे, घरात मोठ्याने वाचावे.

मागल्या जन्माची गोष्ट आधी संपवू. तो हिशेब आपण १९५६ साली नागपूरला मिटवून आलो आहोत. कॅन्सरचे कारण याच जन्मात, याच शरीरात, याच गालात सापडते आणि ते आता सूक्ष्मदर्शकाच्याही पलीकडे जाऊन वाचता येते.

आपले शरीर सुमारे ३० लाख कोटी पेशींचे बनले आहे. बहुतेक प्रत्येक पेशीत गुणसूत्रे असतात आणि त्यांवर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा एक मजकूर असतो. अक्षरे चारच, पण त्यांच्या क्रमात सगळे लिहिलेले: या पेशीने काय काम करायचे, केव्हा दोन व्हायचे, केव्हा थांबायचे, केव्हा मरायचे. या मजकुरातील एकेका कामाच्या परिच्छेदाला जनुक म्हणतात. अशी सुमारे २० हजार जनुके आहेत. गालाच्या आतले अस्तर दोनेक आठवड्यांत नवे होते. जेवताना घासले जाते, भाजते, म्हणून जुन्या पेशी गळतात आणि खालच्या थरातल्या पेशी दोनाच्या चार होऊन जागा भरतात. प्रत्येक वेळी तो ३०० कोटी अक्षरांचा मजकूर नव्याने उतरवून काढावा लागतो. एवढे लिहिताना चुका होणारच. शरीराकडे चुका दुरुस्त करणारी यंत्रणा आहे आणि ती रात्रंदिवस काम करते. एरवी तेवढी पुरते.

आता त्या जागी मिश्री ठेवा. तंबाखूचे पान सुकवताना, मुरवताना त्यातल्या निकोटिनपासूनच नायट्रोसअमाइन नावाची विषे तयार होतात. मिश्रीसाठी तेच पान आपण तव्यावर काळे होईस्तोवर भाजतो. अर्धवट जळालेल्या कोणत्याही पाल्यात काजळीतली विषे येतात, तशी यातही येतात. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुमती भिडे, डॉ. रजनी भिसे यांच्यासारख्या शास्त्रज्ञ स्त्रियांनी या मिश्रीचा, म्हणजे मशेरीचा, अभ्यास केला. विडीच्या तंबाखूवर काम करणाऱ्या कामगारांच्या रक्तपेशी तपासल्या, तेव्हा त्यांत मोडकी गुणसूत्रे नेहमीपेक्षा जास्त दिसली. म्हणजे न खाता, नुसते हाताळूनही!

गंमत अशी की ही नायट्रोसअमाइने मुळात तितकी चिकट नसतात. पेशी त्यांना बाहेर टाकण्यासाठी पाण्यात विरघळण्याजोगे करू पाहते आणि त्या खटपटीतच त्यांचे रूप बदलून ती गुणसूत्राला चिकटतात. घराबाहेर काढायला म्हणून विंचवाला चिमट्यात धरावे आणि त्यानेच डसावे, तसे. चिकटलेल्या जागी मजकूर उतरवताना एक अक्षर चुकते. ‘थांब’च्या जागी भलतेच काही लिहिले जाते. दुरुस्ती झाली नाही, तर त्या पेशीच्या सगळ्या लेकी-नातींना तोच चुकीचा मजकूर वारशाने मिळतो.

एका चुकीने कॅन्सर होत नाही. हे नीट लक्षात घेतले पाहिजे, कारण आपल्या हातात वेळ असतो तो यामुळेच. काही जनुके गाडीच्या ॲक्सिलरेटरसारखी असतात, काही ब्रेकसारखी. ॲक्सिलरेटर अडकून पडायला एक बिघाड पुरतो. ब्रेकचे मात्र प्रत्येक पेशीत दोन संच असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. बहुतेक वेळा दोन्ही निकामी व्हावे लागतात. शिवाय हे सगळे बिघाड एकाच पेशीच्या वंशात एकामागून एक साठावे लागतात. त्याला बहुधा दहा, वीस, तीस वर्षे लागतात. सोळाव्या वर्षी लावलेल्या मिश्रीचा हिशेब पन्नाशीत पुढे येतो तो असा.

कोणते ब्रेक तुटतात, हे आपल्याच लोकांच्या गाठींवरून शोधले गेले आहे. गाल आणि हिरडीचा कॅन्सर आपल्या देशात फार, म्हणून बंगालमधील कल्याणी येथील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बायोमेडिकल जीनॉमिक्स आणि टाटा मेमोरियलचे खारघर येथील ॲक्ट्रेक केंद्र यांनी मिळून हे काम केले. आधी ५० रुग्णांच्या गाठींतील जनुके अक्षरशः वाचून काढली, मग आणखी ६० रुग्णांमध्ये पडताळणी केली. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात पुन्हापुन्हा बिघडलेली जी जनुके सापडली त्यांची नावे रुक्ष आहेत, पण कामे समजण्यासारखी आहेत. टीपी-५३ हा राखणदार. मजकुरात मोडतोड दिसली की तो ‘आधी दुरुस्ती, मग पुढे’ असे म्हणून काम थांबवतो आणि दुरुस्ती होत नसेल तर त्या पेशीला मरण्याचा हुकूम देतो. कॅस्पेज-८ हे तो हुकूम अमलात आणणाऱ्यांपैकी एक. एचरास हा ॲक्सिलरेटर. नॉच-१ पेशीला ‘आता मोठी हो, वाढ पुरे’ असे सांगणाऱ्यांपैकी. आणि फॅट-१ हे पेशींना शेजारणींशी बांधून ठेवणाऱ्या जनुकांच्या कुळातले. या शेवटच्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण मानेचा प्रश्न तिथेच आहे.

त्याआधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. साधी पेशी पन्नासएक वेळा दोन होते आणि थांबते. बुटाच्या नाडीच्या टोकाला असते तशी एक टोपी गुणसूत्राच्या टोकाला असते. ती दर वेळी थोडी झिजते आणि पार झिजली की पेशीचे आयुष्य सरते. कॅन्सरची पेशी ही टोपी पुन्हा बांधायचे तंत्र चालू करते आणि तिला मरण उरत नाही. हे ज्या पेशींमुळे जगाला प्रत्यक्ष पाहता आले त्या हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या होत्या. गुलामांच्या वंशात जन्मलेली आणि व्हर्जिनियात तंबाखूच्या शेतात राबलेली ही बाई १९५१ साली, वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षी, बाल्टिमोर येथे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरने वारली. तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. पोलिओच्या लसीच्या कामातही त्या वापरल्या गेल्या. तिच्या घरच्यांना मात्र वीसेक वर्षे काहीच माहीत नव्हते. त्या पेशींवर व्यापार करणाऱ्या एका कंपनीशी तिच्या वारसांची तडजोड झाली ती २०२३ साली. शेतात राबणाऱ्या बाईचे शरीरही कोणाच्या तरी उपयोगाचे असते, फक्त विचारायचे राहून जाते!

आता मानेकडे येऊ.

गालातल्या पेशी एकमेकींना कड्या अडकवून बसलेल्या असतात आणि त्यांच्याखाली एक पातळ पण चिवट पडदा असतो. बिघडलेल्या पेशी जोवर या पडद्याच्या वर आहेत तोवर तो नुसता पांढरा किंवा लाल चट्टा असतो. मग काही पेशी कड्या सोडतात. पडदा आणि त्याखालचा भाग विरघळवणारे रस सोडतात आणि खाली उतरतात. गाठ एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठी व्हायची तर तिला स्वतःचे रक्त लागते. प्राणवायू कमी पडला की ती ‘इकडे या’ असा रासायनिक निरोप धाडते आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांना तिच्या दिशेने फाटे फुटतात. एखाद्याने मुख्य पाइपाला चोरून नळजोड घ्यावा तसे हे आहे. दुष्काळी जतच्या वाचकांना अधिक सांगायला नको.

आपल्या पायाला काटा लागून चिघळले की जांघेत अवधाण येते. जखम पायात आणि गाठ जांघेत! कारण पायातले पाणी, रस, जंतू वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या जांघेतल्या ग्रंथींत येऊन मिळतात. गालाच्या, जिभेच्या, हिरडीच्या नळ्या तशाच मानेतल्या ग्रंथींत उतरतात. या नळ्यांच्या भिंती रक्तवाहिन्यांपेक्षा पातळ, सांधे सैल. कडी सोडलेली पेशी सहज आत शिरते आणि मानेच्या ग्रंथीत जाऊन बसते. बसलेल्या बहुतेक पेशी मरतात. स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने १८८९ सालीच म्हणून ठेवले आहे की हे बी आणि जमिनीसारखे आहे. बी सगळीकडे उडते, उगवते मात्र मानवणाऱ्या जमिनीतच. तोंडाच्या कॅन्सरला मानेच्या ग्रंथीची जमीन मानवते. तिथे शे-दोनशे पेशींचा ठिपका तयार झाला तर तो हाताला लागत नाही, दुखत नाही, आणि पुष्कळदा स्कॅनमध्येही दिसत नाही.

मग दिसतच नाही तर काढायची कशाला? हा वाद डॉक्टरांमध्येही पन्नास वर्षे चालला होता. एक पक्ष म्हणे, आधीच काढा. दुसरा म्हणे, गाठ आली तर काढू, उगाच त्रास कशाला? या वादाचा निकाल मुंबईत लागला. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली २००४ ते २०१४ या काळात, ज्यांची तोंडातली गाठ लहान होती आणि मानेत हाताला काही लागत नव्हते, अशा रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटात तोंडाबरोबर मानेतल्या ग्रंथीही काढल्या. दुसऱ्या गटात फक्त तोंडाची शस्त्रक्रिया करून मानेवर लक्ष ठेवले आणि गाठ आली तरच मान उघडली. ५०० रुग्णांचा हिशेब २०१५ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनंतर पहिल्या गटात शंभरातले ८० जगले होते, दुसऱ्यात साडेसदुसष्ट. म्हणजे दर आठ रुग्णांमागे एक जीव. जगभरच्या डॉक्टरांनी हा निकाल मानला. त्यात आपल्यासारख्याच घरांतली, तंबाखू खाणारी, मुंबईला उपचारांसाठी आलेली माणसे होती.

तेव्हा बंधू, आईंच्या डॉक्टरांनी सांगितलेली मानेची शस्त्रक्रिया पैशासाठी म्हणता येणार नाही. पेशी आधीच मानेत उतरल्या असण्याची शक्यता धरून सांगितलेली ती गोष्ट आहे. तिचा त्रास मात्र मी लपवणार नाही. या शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूचा खांदा काही महिने, कधी कायमही, दुबळा राहतो. हात डोक्यावर जायला त्रास होतो. ज्या बाईने आयुष्यभर कोयता चालवला तिला हे लहान वाटणार नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना विचारावे की खांद्याची शीर वाचवता येईल का, आणि नंतर व्यायाम कोण शिकवील. विचारायला लाजू नये.

आता चुलत्यांच्या सुरीविषयी. हा समज आपल्याकडे इतका घट्ट का बसला, याचा मी विचार केला आहे. आपली माणसे फार उशिरा जातात. तोवर पेशी मानेत, कधी फुप्फुसात पोचलेल्या असतात. मग शस्त्रक्रिया होते, माणूस वर्षभरात जातो, आणि डोळ्यांना दिसलेली सुरी तेवढी लक्षात राहते. न दिसलेली पाच महिन्यांची वाट कोणाच्याच लक्षात राहत नाही. पसरण्यासाठी पेशीला कड्या सोडाव्या लागतात, पडदा विरघळवावा लागतो, परक्या जागी तग धरावा लागतो. हे गुण तिला जनुकांतल्या बिघाडांतून येतात, सुरीने येत नाहीत. तुकडा काढल्याशिवाय रोग कोणता हेच कळत नाही आणि तुकडा काढल्यामुळे तोंडाचा कॅन्सर पसरतो असे दिसून आलेले नाही. धोका आहे तो तुकडा काढून, कागद घरात आणून, खुंटीला टांगून ठेवण्यात. शल्यवैद्य गाठीभोवतीचा चांगला भागही सेंटीमीटरभर काढतात तो कड्या सोडलेल्या पेशी मागे राहू नयेत म्हणून. अर्धवट कापणाऱ्याकडे मात्र जाऊ नये, एवढे चुलत्यांचे मी मान्य करतो.

रोग पुढे गेलेल्यांसाठीही थोडे बदलले आहे. कॅन्सरच्या पेशी आपल्या रक्तातल्या पहारेकरी पेशींना ‘मी घरचीच’ असे सांगून फसवतात. ही फसवणूक तोडणारे निव्होलुमॅब नावाचे औषध आहे, पण किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी त्याची अगदी थोडी मात्रा, दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम, साध्या गोळ्यांबरोबर देऊन पाहिली. बरे न होण्याच्या अवस्थेतल्या रुग्णांत वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. हा काही पूर्ण इलाज नव्हे, पण गरिबाचा विचार करून झालेले संशोधन आहे, म्हणून सांगितले.

घरातल्या बाकीच्यांचे काय? २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखू घेत होते आणि स्त्रियांमध्ये १७ टक्के, म्हणजे साधारण दर सहा जणींत एक. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली, तिचे पुढे काय झाले ते टपरीवर दिसतेच. पण मिश्री तर घरच्या तव्यावर भाजली जाते, तिला कोण बंदी घालणार? सासू भाजते, सून कुटते, नात शेजारी बसून पाहते. डॉ. फली मेहता यांच्या पथकाने पुणे जिल्ह्यात तब्बल १,०१,७६१ खेडूतांची तोंडे तपासून १९७२ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला, म्हणजे ही गोष्ट अर्ध्या शतकापासून माहीत आहे.

म्हणून महिन्यातून एकदा उजेडात, आरशासमोर, चूळ भरून तोंड पाहावे. गाल बोटाने बाहेर ओढावा, जीभ दोन्ही बाजूंना वळवावी. पांढरा चट्टा पुसून जात नसेल, लाल मखमली डाग असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, दात विनाकारण हलत असेल, किंवा तोंडात उभी तीन बोटे जात नसतील, तर दाखवून घ्यावे. शेवटची खूण सुपारी-गुटखा खाणाऱ्या पोरांनी विशेष पाहावी. पडद्याच्या वर असलेला चट्टा तंबाखू सोडल्यावर कधी कधी मावळतोही. दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीला हा रोग दुखतच नाही.

जतच्या बंधूंना शेवटी एवढेच कळवतो. मिरजेला जा की मुंबईला, रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, शेक आणि औषधे बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस असतो, त्याला पहिल्याच दिवशी गाठा. मुंबईला जायची वेळ आली तर राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा, टाटाचे रुग्ण तिथे उतरतात. जिथे तुकडा तपासला तिथून नुसता कागद आणू नका, काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळाही मागून घ्या. मोठ्या रुग्णालयात तो पुन्हा पाहतात आणि तो नसला की दुसऱ्यांदा तुकडा काढावा लागतो. चुलत्यांनाही बरोबर न्या. मानेचे चित्र डॉक्टरांकडून कागदावर काढून मागा आणि त्यांना दाखवा. आईंची मिश्रीची डबी मात्र घरीच राहू द्या. काय ठरले ते पत्राने कळवा, मी वाट पाहतो आहे. जयभीम.